फळा उतरवण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या परिषदेत एक सूचना आली. चर्चच्या पडवीत डाव्या हाताला जो लाकडी फळा आहे, ज्यावर रिकाम्या जागांच्या चिठ्ठ्या गेली कित्येक वर्षे टाचणीने लावल्या जातात, तो उतरवावा. त्याखालच्या टेबलावरील नोंदवही बंद करावी. आणि धर्मगुरूंनी नोकरीसाठी शिफारसपत्रे देण्याची प्रथा थांबवावी. त्याऐवजी नोकरीच्या संकेतस्थळांवर आपली माहिती कशी भरावी याचे तरुणांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे, म्हणजे धर्मग्रामाचे कर्तव्य पार पडले. सूचना मांडणारे तरुण सुशिक्षित आहेत, सालस आहेत, आणि त्यांच्यापैकी दोघांना अशाच संकेतस्थळांवरून ऐरोलीला बऱ्या पगाराच्या नोकऱ्या लागल्या आहेत. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: फळा आणि पत्र म्हणजे वशिला, संकेतस्थळ म्हणजे गुणवत्ता. बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्ही निर्णय पुढे ढकलण्याची विनंती केली व ती मान्य झाली. फादरांना पत्र लिहिण्याचा मान सोडवत नाही, असे नंतर कोणी म्हटल्याचे आमच्या कानी आले. ते असो. परंतु हा प्रश्न एकट्या पनवेलचा नाही. वसईपासून अलिबागपर्यंत ज्या ज्या धर्मग्रामात असा फळा आहे तेथे आज ना उद्या तो उभा राहणार. म्हणून आमचे म्हणणे येथे सविस्तर मांडत आहोत.

वशिल्याचा आरोप आधी घेऊ, कारण तो खोटा नाही.

नोकरीचा आणि आपल्या समाजाचा संबंध इतका जुना आहे की आपल्यातील एका मोठ्या समूहाचे नावच नोकरीच्या चिंतेतून आले आहे. मुंबई आणि साष्टीतील मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. गोवा आणि मंगळूरहून येणारे धर्मबंधू रेल्वेत, कचेऱ्यांत, गोदीत जागा पटकावीत होते. त्यांच्याहून आपण वेगळे आणि येथले जुने आहोत, हे इंग्रज साहेबाला एका शब्दात कळावे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे दोन समूह साहेबाच्या दाराशी मात्र एकमेकांना ओळख दाखवीत नव्हते. आपल्या इतिहासाचे हे पान आपण अभिमानाने वाचतो. थोडे खाली मान घालूनही वाचावे.

गोव्याच्या धर्मबंधूंची व्यवस्था तर याहूनही पक्की होती. धोबी तलाव आणि माझगाव येथे त्यांच्या एकेका गावाचे क्लब उभे राहिले, ज्यांना कोकणीत कूड म्हणतात. जहाजावरून उतरलेला खलाशी आपल्या गावाच्या कुडीत नाममात्र भाड्याने राही, त्याची पेटी तेथे सांभाळली जाई, संध्याकाळी गावाच्या आश्रयदात्या संतासमोर रोझरी होई, आणि रोझरी आटोपली की कोणत्या कंपनीचे जहाज लागले आहे, कोणाला माणसे हवी आहेत, याची बोलणी चालत. घर, प्रार्थनास्थळ आणि नोकरीचा बाजार ही तिन्ही एका खोलीत होती. ज्याच्या गावाची कूड नाही त्याने मात्र कोठे जावे, याचे उत्तर त्या खोलीत नव्हते.

गिरण्यांत काय चालत असे हे सर्वश्रुत आहे. रत्नागिरीचा तरुण जॉबरच्या ओळखीने खात्यात शिरे आणि दर पगाराला त्याची दस्तुरी भरी. भरली नाही तर बदलीवाल्यांच्या रांगेत उभा राही. रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून नोकरभरती काढून घ्यावी असे सुचवले, ते उगाच नव्हे. आणि दूर कशाला, आमच्या पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर पावसाळा सरता सरता मुकादम येतो, हातावर उचल ठेवतो, आणि सबंध कुटुंब वीटभट्टीवर जाते. ओळखीतून मिळालेली नोकरी म्हणतात ती ही देखील. उचल फिटली की नाही याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि वाचता येत नाही तो त्या वहीपुढे काय बोलणार?

तेव्हा आमच्या तरुण मित्रांनी ‘ओळखीची व्यवस्था अन्यायाची होती’ असे म्हटले तर आम्ही त्यांच्यापुढे एक पाऊल जाऊन ते मान्य करतो. आमच्या स्वतःच्या नोंदवहीची गेल्या काही वर्षांची पाने आम्ही चाळली. त्यांत जवळजवळ सर्व नावे आपल्याच माणसांची आहेत. चर्चच्या कुंपणापलीकडे आगरी वस्ती आहे, पलीकडे वाडी आहे. त्यांतले कोणी त्या टेबलापाशी आल्याचे दिसत नाही. त्यांना कोणी मना केले नव्हते. बोलावलेही नव्हते. हा दोष आमचा आहे.

आमचा वाद येथून पुढे सुरू होतो. ओळख अन्यायाची म्हणून संकेतस्थळ न्यायाचे, ही उडी आम्हांस मान्य नाही.

आमचे तरुण मित्र समजतात की संकेतस्थळावर ओळख चालत नाही. लिंक्डइन या संकेतस्थळाच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षे केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले होते की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या परिचितांकडून अधिक येते. नव्या प्रयोगांतही पुष्कळ अंशी तेच दिसले: फार जवळचे नव्हेत आणि अगदी परकेही नव्हेत, अशा ओळखीच नोकरीला अधिक उपयोगी पडल्या. म्हणजे संकेतस्थळावरही नोकरी ओळखीतूनच मिळते. फरक इतकाच की कोणाची ओळख कोणाला सुचवायची हे तेथे कंपनीचे यंत्र ठरवते, आणि त्या दोन कोटी माणसांतील बहुतेकांना आपल्यावर असा प्रयोग चालला आहे याचा पत्ताही नव्हता. पडवीतल्या फळ्याने निदान कोणावर प्रयोग केला नाही.

दुसरी समजूत अशी की अर्ज चेहरा पाहत नाही. चेहरा नसेल पाहत, नाव पाहतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ आडनावे वेगळी असलेले अर्ज पाठवले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खासगी कंपन्यांकडून बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश होती. तेथे कोणी कोणाला ओळखत नव्हते, कोणाचा काका साहेब नव्हता, कोणत्या फादरांचे पत्र नव्हते. नुसता कागद होता. आता कागद यंत्र वाचते म्हणून पक्षपात जाईल म्हणावे, तर अॅमेझॉनसारख्या कंपनीने अर्ज तपासण्यासाठी बनवलेले यंत्र स्त्रियांच्या अर्जांना कमी गुण देत असल्याचे आढळले आणि ते सोडून द्यावे लागले. ही बातमी २०१८ सालची आहे. त्या यंत्राला कोणी वाईट शिकवले नव्हते. आधीच्या दहा वर्षांतले अर्ज त्याच्यापुढे ठेवले होते, ते बहुतांशी पुरुषांचे होते, आणि यंत्राने त्यांवरून आपला धडा घेतला. जुना वशिला असा नव्या यंत्राच्या पोटात जाऊन बसतो, आणि तेथे त्याला वशिला म्हणायचीही सोय उरत नाही.

परंतु ही झाली अभ्यासकांची उदाहरणे. आमच्या मनात घोळत आहे तो आमच्याच धर्मग्रामातला एक गृहस्थ. वय चाळिशीच्या आसपास. तळोज्याला एका छोट्या कारखान्यात चौदा वर्षे यंत्रे दुरुस्त करीत होता. आवाजावरून बेअरिंग गेले आहे हे सांगणारा माणूस. कारखाना बंद पडला. मालकाने नेमणूकपत्र कधी दिले नव्हते, अनुभवाचा दाखला देण्यास तो जागेवर उरला नाही. संकेतस्थळाच्या रकान्यात ‘अनुभव’ या शब्दापुढे वर्षे लिहिता येतात, पण पुढच्या रकान्यात पुरावा मागतात. मुलीने त्याचा अर्ज इंग्रजीत भरून दिला. वर्षभरात सव्वाशेच्या वर ठिकाणी अर्ज गेले. दोन ठिकाणांहून विमा विकाल का असे विचारणारे फोन आले. बाकी कोठूनही ‘नाही’ असेसुद्धा कोणी कळवले नाही.

आमच्या मते या सर्व प्रकरणातील खरी जखम ती हीच. पूर्वी आमचे पत्र घेऊन माणूस जाई आणि व्यवस्थापक त्याला परत पाठवी, असे कितीदा तरी झाले आहे. पत्राने नोकरी लागतेच असा समज ज्यांचा आहे त्यांनी आमच्याकडे नाकारलेल्यांचीही यादी पाहावी. पण परत पाठवणारा माणूस दिसत असे. तो कारण सांगे. वेल्डिंग येत नाही, रात्रपाळीला तयार नाही, वय जास्त आहे. कारण खोटे वाटले तर आम्ही टेलिफोन करून विचारीत असू, आणि दोनदा तरी असे घडले की विचारल्यावर त्याला पुन्हा बोलावले गेले. संकेतस्थळावर हा माणूस कोणापाशी जाऊन विचारणार? त्याचा अर्ज माणसाने वाचून बाजूला ठेवला, की कोणी वाचलाच नाही, हेदेखील त्याला ठाऊक नाही. तो आम्हांला म्हणाला, “फादर, मी नापास झालो असतो तरी चाललं असतं, पण पेपर तपासला की नाही तेवढं कळायला हवं होतं.” यापुढे आमचे तरुण मित्र गुणवत्ता हा शब्द वापरतील तेव्हा त्यांनी हे वाक्य आठवावे, इतकीच विनंती.

येथे जुन्या सेवायोजन कार्यालयाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली झाला. नाव नोंदवले की कार्ड मिळे, कार्डावर क्रमांक आणि तारीख असे, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. त्या कार्यालयांची लोकांनी भरपूर थट्टा केली आणि तीत तथ्यही होते. कित्येकांचे केस पांढरे झाले पण बोलावणे आले नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ साली सांगितले की केवळ सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांवर न थांबता जाहिरात द्यावी. पण आपल्या आधी कोण नोंदले आहे हे त्या कार्डावरून कळत होते. नंतर नोंदलेला शेजारी आधी बोलावला गेला तर भांडायला जागा होती. आज राज्याची ती नोंदणी ‘महास्वयं’ या संकेतस्थळावर होते, केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून चालू आहे, आणि असंघटित कामगारांसाठी २०२१ साली ई-श्रम आले. ही सरकारी संकेतस्थळे फुकट आहेत आणि आमच्या शिबिरात त्यांची माहिती जरूर द्यावी. खासगी संकेतस्थळांवर कोणाचे नाव आधी दिसावे हे मात्र ज्या नियमाने ठरते तो नियम कंपनीच्या कपाटात असतो.

आता विमानतळाचा विषय. ज्यांना वाटते की आम्ही उगीच भीती घालीत आहोत त्यांच्यासाठी तो विस्ताराने सांगणे भाग आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईची आखणी झाली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात पोलिसांच्या गोळीबाराने पाच माणसे गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतरची. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे उठली. या सगळ्या वर्षांत येथील माणसाला एकच आश्वासन पुनःपुन्हा ऐकवले गेले: जमीन जाईल, पण मुलांना नोकऱ्या मिळतील. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी नेमक्या नाताळच्या दिवशी प्रवासी विमाने उडू लागली. पन्नास वर्षे थांबलेली आशा आहे ही. ठकांना यापेक्षा चांगली पेरणीची जमीन कोठे मिळणार?

आमच्या धर्मग्रामातील एका विधवा माउलीच्या मुलाला भ्रमणध्वनीवर निरोप आला. विमानाचे चित्र, इंग्रजी मजकूर, सामान हाताळणीच्या खात्यात निवड झाल्याचे पत्र. त्याने एका संकेतस्थळावर भरलेला फोन नंबर आणि शिक्षण त्यात बिनचूक होते, म्हणून शंका आली नाही. वैद्यकीय तपासणीचे पैसे, मग गणवेशाची अनामत, मग सुरक्षा पासाचे पैसे असे करीत साडेअठरा हजार रुपये गेले. माउलीने लग्नातली साखळी गहाण ठेवली होती. त्यानंतर तो नंबर लागला नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. आम्ही ही हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहोत.

याच प्रकारचा निरोप तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका मुलीला आला. ती रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर फळ्यापाशी उभी राहून मैत्रिणीला तो दाखवीत होती. शेजारी एक गृहस्थ चिठ्ठ्या वाचीत होते, ते मुंबईच्या जुन्या विमानतळावर वीस वर्षे सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. त्यांनी निरोप वाचला आणि विचारले, “बाय, पैसे भरलेस काय? नाही ना? मग भरू नको. पासाचे पैसे उमेदवाराकडून कोणी घेत नाही.” दोन मिनिटांचे काम. त्या मुलीचे पैसे वाचले ते फळ्याने वाचवले असे आम्ही म्हणत नाही. फळ्यापाशी दोन माणसे एकाच वेळी उभी होती म्हणून वाचले. फळा उतरवला तर ती दोघे कोठे उभी राहणार, याचे उत्तर सूचना मांडणाऱ्यांनी द्यावे.

गुरुविद्यालयात आम्ही मत्तयच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला शिकलो तेव्हा सारा भर शेवटच्या मजुराला मिळालेल्या पूर्ण मजुरीवर होता. ती देवाची कृपा, असे आम्ही परीक्षेतही लिहिले. पुढे पनवेलच्या नाक्यावर सकाळी थापी आणि घमेले घेऊन उभी राहिलेली माणसे रोज पाहू लागल्यावर त्या दाखल्यातील दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरली. मळ्याचा धनी स्वतः बाजारात जातो, तेही एकदा नव्हे, दिवसातून पाच वेळा. आणि दिवस मावळताना जे उभे आहेत त्यांना तो विचारतो की तुम्ही येथे असे का उभे आहात. ते सांगतात की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. कारभारी हाताशी असताना धन्याने हा प्रश्न आपल्या तोंडाने विचारला, याला काही अर्थ असला पाहिजे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले तेव्हा प्रश्न गिरणीचा होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली: जो पगार देत नाही, पण ज्याच्या नियमांमुळे आणि धोरणांमुळे कामगाराला काम मिळते वा मिळत नाही आणि कामाच्या अटी ठरतात, तोही जबाबदार आहे. नोकरीची संकेतस्थळे हा शब्द अंगावर घेणार नाहीत. ती म्हणतील आम्ही केवळ गाठ घालून देतो. मुंबईचा जॉबरही तेच म्हणत असे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना याच १८९१ च्या परिपत्रकाची आठवण दिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला. ख्रिस्तसभेचे प्रमुख या प्रश्नाकडे इतक्या गांभीर्याने पाहत असताना आपण एका दिवसाचे शिबिर घेऊन हात झटकावेत काय?

मग जुनेच चालू ठेवायचे का, असे विचारले जाईल. नाही. ओळख आणि संकेतस्थळ यांच्या पलीकडचा एक मार्ग याच महाराष्ट्राने काढून दाखवला आहे आणि तो पाहण्यास कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत गेले तरी पुरते. माथाडी कामगार पूर्वी टोळीवाल्याच्या मर्जीवर होता. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळात, मालकाचीही नोंद मंडळात. मजुरी मंडळामार्फत, तीवर मालकाने लेव्ही भरायची, तीतून भविष्यनिर्वाह निधी आणि इतर हक्क. आणि मंडळावर सरकार, मालक व कामगार या तिघांचे प्रतिनिधी. माथाडीच्या नावावर खंडणी मागणारेही पुढे निघाले, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु मालकालाही नाव लिहावे लागते अशी ती वही आहे, आणि संकेतस्थळाच्या वहीत नेमके हेच होत नाही: तेथे उमेदवाराने आपले वय, शिक्षण, फोन, पत्ता सारे उघडे करायचे आणि समोरच्याने पडद्याआड राहायचे.

आमच्या पडवीत आम्ही कायदा करू शकत नाही. जे करू शकतो ते परिषदेपुढे असे ठेवीत आहोत. फळा राहील, पण तो पडवीतून काढून फाटकाबाहेरच्या भिंतीवर, छपराखाली लावावा, म्हणजे चर्चमध्ये पाऊल न टाकणाऱ्यालाही वाचता येईल. नोंदवही सर्वांसाठी, जात-धर्म न विचारता. जागा कळवणाऱ्याने आपले नाव, कामाचे ठिकाण आणि पगार लिहिल्याखेरीज चिठ्ठी लागणार नाही, मग तो आपल्या समाजाचा कितीही मोठा दाता असो. (या वाक्याने एक-दोन दाते रागावतील, हे आम्ही जाणून आहोत.) ज्या तरुणांनी सूचना मांडली त्यांनीच दर रविवारी दोन तास टेबलापाशी बसून ज्यांना जमत नाही त्यांचे अर्ज संकेतस्थळांवर भरून द्यावेत, आणि आलेले प्रत्येक ‘निवडपत्र’ पैसे भरण्यापूर्वी तेथे दाखवले जावे. त्यांच्या हाती जे कौशल्य आहे ते आमच्या हाती नाही. आम्हांस त्यांची गरज आहे आणि हे आम्ही संकोच न बाळगता लिहितो.

राहिले शिफारसपत्र. ते आम्ही देत राहू. मात्र यापुढे त्यात माणूस चांगल्या घरचा आहे, कॅथलिक आहे, नियमित मिस्साला येतो, असे काही लिहिले जाणार नाही. त्याला आम्ही किती वर्षे ओळखतो आणि त्याने केलेले कोणते काम स्वतः पाहिले, एवढेच. तळोज्याच्या त्या गृहस्थाने गेल्या वर्षी चर्चच्या विहिरीवरचा पंप दोनदा दुरुस्त केला. ते आम्ही तेथे उभे राहून पाहिले आहे आणि तसे पत्र लिहून दिले आहे. पत्राची प्रत नोंदवहीत चिकटवली जाईल, म्हणजे फादरांनी कोणासाठी काय लिहिले हे कोणालाही वाचता येईल.

परिषदेची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तोवर नोंदवही टेबलावरच आहे. तिच्यातली शेवटची नोंद वाडीवरच्या एका बाईची आहे. शाळेच्या किंवा उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम हवे, वीटभट्टीवर पुन्हा जायचे नाही, असे तिने सांगितले आणि आमच्या सॅक्रिस्टनने ते लिहून घेतले. खाली तिचा अंगठा आहे आणि शेजारणीचा फोन नंबर. अजून कोणी बोलावलेले नाही.